बाटा, जावा, स्कोडा : पुंडलिकनगरातून दिसणारा चेक देश

संपादकांनी यंदा सूत्र दिलं ते असं : युरोपातला एक देश निवडा आणि त्याची ओळख आपल्या भागातून करून द्या. विमानाचं तिकीट मिळणार नाही. इंग्लंड, जर्मनी, फ्रान्स ही नावं आमच्याकडे शाळकरी पोरही सांगेल. मी असा देश निवडला, ज्याच्यावर नकाशात पटकन बोट ठेवता येत नाही, पण ज्याच्या वस्तू आमच्या घरांत तीन पिढ्या नांदल्या आहेत. त्याचं नाव चेक प्रजासत्ताक. २०१६ पासून त्याने ‘चेकिया’ हे आटोपशीर नावही अधिकृतपणे घेतलं आहे.

पुंडलिकनगर म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा दाट वस्तीचा भाग. गारखेड्याकडून गजानन महाराज मंदिराच्या चौकातून आत वळलं की रस्ता सिडकोच्या दिशेने कामगार चौकाकडे निघतो. दोन्ही बाजूंना किराणा, मेडिकल, मोबाइल दुरुस्ती, गॅरेज, मेस, क्लासेस आणि ‘रूम भाड्याने देणे आहे’च्या पाट्या. जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडून आलेली कुटुंबं इथे स्थिरावली. फर्स्ट शिफ्टची वेळ झाली की डबा आणि गळ्यात आयकार्ड अडकवलेली माणसं कोपऱ्याकोपऱ्यावर कंपनीच्या बसची वाट पाहत उभी राहतात. ‘कुठं असता?’ या प्रश्नाचं उत्तर इथे गावाच्या नावाने येत नाही. ‘वाळूजला’, ‘चिकलठाण्याला’ किंवा ‘शेंद्र्याला’ असं येतं. पर्मनंट आहे, ट्रेनी आहे की कंत्राटी, हा पुढचा प्रश्न.

शेंद्रा एमआयडीसी जालना रोडवर, विमानतळ ओलांडून पुढे. तिथे २००१ पासून स्कोडाचा कारखाना आहे. ऑक्टाव्हिया ही तिथून बाहेर पडलेली पहिली गाडी. ही कंपनी कुठली, असं मी रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर विचारत गेलो, तर बहुतेकांचं उत्तर ‘जर्मनीची’. मालकी पाहिली तर ते बरोबर आहे. जन्म पाहिला तर नाही. या दोन उत्तरांच्या मधल्या जागेत चेक लोकांचा हजार वर्षांचा इतिहास बसतो.

पायताण, फटफटी आणि ट्रॅक्टर

स्कोडा येण्याच्या कितीतरी आधी चेक देश मराठवाड्यात पायांनी चालत आला होता. बाटा ही कंपनी आपल्याला इतकी घरची वाटते, की ती बंगालची असावी असं पुष्कळांना वाटतं. तोमाश बाटाने १८९४ साली मोराव्हिया प्रांतातल्या झ्लीन गावी भावंडांसोबत चपला-बुटांचं काम सुरू केलं. त्याने सैन्याला बूट पुरवले, अमेरिकेत जाऊन साखळी पद्धतीचं उत्पादन पाहिलं आणि झ्लीनमध्ये कारखान्याभोवती अख्खं गाव उभारलं. कामगारांसाठी लाल विटांची बागेसह घरं, शाळा, दवाखाना, सिनेमागृह असं सगळं तिथे होतं. तोमाश १९३२ साली विमान अपघातात गेला. त्याच सुमारास कलकत्त्याजवळ हुगळीकाठी त्याच नमुन्यावर बाटानगर उभं राहत होतं. किमतीच्या शेवटी नऊ आणायची जी पद्धत आज प्रत्येक सेलच्या फलकावर दिसते, ती ‘बाटा भाव’ म्हणून भारतभर रुळली. शाळा उघडताना काळे बूट घेऊन देणाऱ्या इथल्या आईबापांना झ्लीन ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

दुसरी वस्तू येझदी. पुंडलिकनगर रोडवरच्या गॅरेजमध्ये जुन्या येझदीचा विषय काढला, की पन्नाशीपुढचा मिस्त्री हातातला पाना खाली ठेवतो. हिची खूण सांगताना सगळे एकच गोष्ट सांगतात : किक आणि गिअर एकाच दांडीत. किक मारून दांडी पुढे वळवली की तिचाच गिअर होतो. ही करामत चेक जावा कंपनीची. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला या गाड्या बनू लागल्या, १९७३ पासून ‘येझदी’ या नावाने विकल्या गेल्या आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. आता जावा आणि येझदी ही दोन्ही नावं नव्या मालकांनी पुन्हा बाजारात आणली आहेत, पण एका दांडीचं ते कौतुक जुन्या गाड्यांबरोबरच गेलं.

तिसरी वस्तू शेतातली. एचएमटीचे पंचवीस हॉर्सपॉवरचे ट्रॅक्टर १९७१ पासून पिंजोरला बनू लागले, ते बर्नो या चेक शहरातल्या झेटर कंपनीच्या तंत्रावर. पुंडलिकनगरात राहणाऱ्या अनेकांचं शेत अजून गावाकडे आहे, आणि जुन्या एचएमटीला ‘झेटर’ म्हणणारे काका त्यांच्यात निघतातच.

बर्नोचा आणखी एक धागा थेट आमच्या शेजारच्या जालन्यापर्यंत येतो. याच शहरातल्या मठात ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने वाटाण्याची रोपं वर्षानुवर्षं संकरित करून आनुवंशिकतेचे नियम शोधले. १८६५ मध्ये त्याने ते बर्नोतल्या निसर्ग अभ्यासकांपुढे वाचले, पुढच्या वर्षी छापले, आणि विसाव्या शतकाच्या तोंडापर्यंत कुणी त्यांची फारशी दखल घेतली नाही. संकरित बियाण्यांचा धंदा त्या नियमांवर उभा आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको सुरू केली आणि पुढे जालना बियाण्यांचं शहर म्हणून ओळखलं गेलं.

डोंगरांची कड आणि तीन समुद्रांचं पाणी

हा देश आहे तरी केवढा? सुमारे ७९ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपेक्षा थोडा मोठा आणि महाराष्ट्राच्या जवळपास पावपट. लोकसंख्या एक कोटी नऊ लाखांच्या आसपास. मराठवाड्यात २०११ च्या जनगणनेतच एक कोटी सत्याऐंशी लाख माणसं होती. सर्वांत उंच शिखर स्न्येझ्का, १,६०३ मीटर. आपलं कळसूबाई त्याहून त्रेचाळीस मीटरने उंच भरतं. पण स्न्येझ्कावर हिवाळाभर बर्फ असतो.

देशाला समुद्र नाही. पश्चिमेला आणि वायव्येला जर्मनी, उत्तरेला पोलंड, पूर्वेला स्लोव्हाकिया, दक्षिणेला ऑस्ट्रिया. त्याचे ऐतिहासिक भाग तीन. पश्चिमेचा बोहेमिया, पूर्वेचा मोराव्हिया आणि ईशान्येच्या कोपऱ्यातला सायलेशियाचा तुकडा. बोहेमियाच्या कडेने शुमावा, क्रुश्ने होरी, क्रकोनोशे अशा डोंगररांगांचं कडं आहे. आतलं पाणी व्ल्तावा नदी गोळा करते, राजधानी प्रागमधून वाहत जाते आणि लाबे नदीला मिळते. हीच लाबे जर्मनीत शिरल्यावर एल्बे होते. पोलंडच्या सीमेवरच्या क्रालित्स्की स्न्येझ्निक डोंगरात अशी जागा आहे, जिथून पावसाचं पाणी तीन बाजूंना जातं. एक वाट उत्तर समुद्राला, दुसरी बाल्टिकला, तिसरी डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्राला. अजिंठ्याच्या डोंगराच्या उत्तरेला सोयगावकडे पडलेला पाऊस तापीला मिळून अरबी समुद्रात आणि दक्षिणेला सिल्लोडकडे पडलेला गोदावरीतून बंगालच्या उपसागरात, हे आम्हाला ठाऊक आहे. जलविभाजकावरच्या मुलखाची गोची अशी की नद्या तिथे जन्मतात आणि मोठ्या होतात दुसऱ्यांच्या घरी.

डोंगरांनी देशाला वेढलं तसं श्रीमंतही केलं. क्रुश्ने होरी म्हणजे खनिजांचे डोंगर. तिथल्या याखिमोव्ह गावी सोळाव्या शतकात इतकी चांदी निघाली, की तिथल्या टाकसाळीतलं ‘थालर’ नाणं युरोपभर चाललं; डॉलर हे नाव त्याच्याच वंशातलं. त्याच खाणींतल्या काळ्या दगडातून मेरी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ मध्ये रेडियम शोधलं. पुढे कम्युनिस्ट राजवटीत तिथे युरेनियम काढायला राजकीय कैद्यांना जुंपलं गेलं. वाळू, जंगल आणि लाकूड मुबलक, म्हणून काच आली. चांगलं जव आणि हॉप्स, म्हणून बिअर. प्ल्झेन शहरात १८४२ साली प्रथम बनवली गेलेली फिकट सोनेरी बिअर आज जगाची नेहमीची बिअर झाली आहे. आमच्या चिकलठाणा-वाळूजच्या कारखान्यांत बाटल्या भरतात त्या तिच्याच गोत्राच्या.

मोराव्हियाची रचना वेगळी. सुदेती आणि कार्पेथियन या दोन पर्वतसमूहांच्या मध्ये तिथे एक सखल खिंड आहे. उत्तर-दक्षिण व्यापार तिथून गेला, फौजा तिथून गेल्या, रेल्वेही तिथूनच गेली. त्या खिंडीजवळचं नोव्ही यिचीन हे गाव लक्षात ठेवावं. शेवटी त्याच्याशी आमच्या वाळूजचा संबंध येणार आहे.

बोली कुणाची, कारभार कुणाचा

चेक ही स्लाव्ह कुळातली भाषा. पोलिश आणि रशियन तिच्या नात्यातल्या, आणि स्लोव्हाक तर इतकी जवळची की दोघे आपापल्या भाषेत बोलून एकमेकांना समजतात. मराठीसारखी तीन लिंगं आहेत. विभक्ती सात, आणि नामच बदलत जातं, त्यामुळे संस्कृत शिकलेल्याला ओळखीचं वाटावं. लिपी रोमन, पण अक्षरांवर टोप्या आणि रेघा.

या टोप्यांचं श्रेय यान हुस या धर्मोपदेशकाला देतात. चौदाव्या शतकात सम्राट चौथ्या चार्ल्सने प्रागला वैभवाला नेलं. १३४८ मध्ये विद्यापीठ स्थापलं आणि १३५७ मध्ये व्ल्तावेवरच्या दगडी पुलाची पायाभरणी केली. पुढच्या शतकाच्या आरंभी हुस त्याच विद्यापीठात शिकवत होता आणि प्रागच्या बेथलेहेम चॅपेलमध्ये लॅटिन सोडून लोकांच्या चेकमध्ये प्रवचन करत होता. धर्मसत्तेच्या पैशाच्या हावेवर तो बोलला. ६ जुलै १४१५ रोजी कोन्स्टान्झ येथे त्याला जिवंत जाळलं. पैठणच्या नाथांनाही धर्माचं ज्ञान लोकभाषेत आणल्याबद्दल रोष पत्करावा लागला होता, तेव्हा हे भांडण आपल्या जिल्ह्याला परकं नाही. फरक पुढे पडला : हुसच्या अनुयायांनी शस्त्र घेतलं आणि पुढची जवळपास पंधरा वर्षं युरोपच्या धर्मयुद्धी फौजांना दाद दिली नाही.

नोव्हेंबर १६२० मध्ये प्रागजवळच्या पांढऱ्या टेकडीवर बोहेमियाच्या प्रॉटेस्टंट सरदारांचा ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्यातल्या सम्राटाने काही तासांत पराभव केला. पुढच्या वर्षी सत्तावीस पुढाऱ्यांना जुन्या शहराच्या चौकात मृत्युदंड दिला. प्रॉटेस्टंट घराणी देशोधडीला लागली. त्यांतच शिक्षणतज्ज्ञ कोमेन्स्की होता. मुलांसाठी चित्रांचं पाठ्यपुस्तक ही कल्पना जगभर नेण्याचं श्रेय त्याच्या १६५८ च्या पुस्तकाला जातं. मागे राहिलेल्या देशात दरबार, न्यायालय, पेढी हळूहळू जर्मन बोलू लागली. चेक भाषा शेतात, स्वयंपाकघरात आणि कारागिरांच्या ओसरीवर उरली. मेंडेल, फ्रॉइड, काफ्का हे तिघेही आजच्या चेकियाच्या भूमीवर जन्मले आणि तिघांनीही लिहिलं जर्मनमध्ये. या मुलखात शतकानुशतकं राहिलेले लाखो जर्मनभाषक इथलेच होते, हेही ध्यानात ठेवायला हवं.

एकोणिसाव्या शतकात पारडं फिरलं. भाषापंडितांनी व्याकरणं लिहिली आणि यूंगमानने पाच खंडांचा शब्दकोश केला. प्रागला चेक भाषेचं स्वतःचं नाट्यगृह हवं म्हणून लोकांनी वर्गणी काढली. १८८१ मध्ये ते उघडलं आणि काही आठवड्यांतच आगीत जळालं. पुन्हा वर्गणी निघाली. दीड महिन्यात पैसा उभा राहिला आणि १८८३ मध्ये पडदा परत वर गेला.

स्कोडाची जन्मकथा याच हवेतली आहे. म्लादा बोलेस्लाव गावचा पुस्तकविक्रेता व्हात्स्लाव क्लेमेंट याने एका जर्मन कंपनीची सायकल घेतली. ती नीट चालेना, म्हणून त्याने तक्रार चेकमध्ये लिहून पाठवली. कळेल अशा भाषेत लिहा, तरच उत्तर देऊ, असं कंपनीने उलट कळवलं. क्लेमेंटने पुन्हा पत्र लिहिण्याऐवजी व्हात्स्लाव लाउरिन या मेकॅनिकला गाठलं आणि १८९५ साली दोघांनी सायकलींचं दुकान काढलं. सायकलीला नाव दिलं ‘स्लाव्हिया’. पुढे १८९९ मध्ये मोटारसायकल, १९०५ मध्ये मोटार, आणि १९२५ मध्ये प्ल्झेनच्या अवाढव्य स्कोडा कारखान्यात विलीनीकरण. चाकणला बनणारी स्कोडाची ‘स्लाव्हिया’ गाडी २०२२ पासून आपल्या रस्त्यांवर आहे, तिच्या पाठीवरच्या नावामागे ते तक्रारीचं पत्र आहे.

बांगड्यांचा हिशेब

याच काळात आपला आणि बोहेमियाचा व्यवहार उलट्या बाजूने चालला होता. उत्तर बोहेमियातल्या याब्लोनेत्स परिसरात घरोघरी काचमणी आणि बांगड्या बनत. पहिल्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानात आयात होणाऱ्या काचेच्या बांगड्यांचा मोठा वाटा, बोहेमिया ज्याचा भाग होता त्या ऑस्ट्रिया-हंगेरीचा असे, म्हणजे मुख्यतः तिथला. आपल्या कासारांच्या पेटाऱ्यात ‘विलायती’ म्हणून जे होतं, त्यातलं बरंचसं विलायतेचं नव्हतंच.

स्वदेशीच्या चळवळीत बांगडी हा म्हणूनच गंभीर विषय झाला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसाफंड उभा केला, टिळकांनी त्याला पाठबळ दिलं, आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे पैसाफंडाचा काच कारखाना सुरू झाला. तिथे शिकलेली माणसं देशभरच्या काच कारखान्यांत गेली. प्रागच्या नाट्यगृहाची वर्गणी आणि तळेगावचा पैसा, दोन्ही एकाच जिद्दीतून निघाले : साम्राज्य देत नसेल तर आपण उभं करू. बोहेमियाची काच नाकारणारे आपण आणि जर्मन सायकल नाकारणारा क्लेमेंट एकाच बाकावरचे होते, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

दुसऱ्यांच्या खोलीत झालेले निर्णय

२८ ऑक्टोबर १९१८ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या मोडतोडीतून चेकोस्लोव्हाकिया जन्मला. तोमाश मासारिक हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. साम्राज्याच्या कारखानदारीचा मोठा हिस्सा या चिमुकल्या लोकशाहीकडे आला होता. सीमेवरच्या डोंगरपट्ट्यात मात्र जर्मनभाषकांची वस्ती दाट होती आणि हिटलरने तेच निमित्त केलं. ऑगस्ट १९३८ मध्ये पंडित नेहरू प्रागला जाऊन आले आणि त्यांनी उघडपणे चेक बाजू घेतली. पुढच्याच महिन्यात म्युनिकला ब्रिटन, फ्रान्स, इटली आणि जर्मनीने तो पट्टा हिटलरला देऊन टाकला. चेक प्रतिनिधींना चर्चेच्या खोलीत जागा नव्हती. मार्च १९३९ मध्ये उरलेला मुलूखही गेला.

या धावपळीत एक माणूस आधीच मुंबईला पोचला होता. कार्लोव्ही व्हारी या उष्ण झऱ्यांच्या गावात जन्मलेला ज्यू संगीतकार वॉल्टर कॉफमन नाझींचा धोका ओळखून १९३४ मध्ये आला. तो पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला आणि १९४६ पर्यंत इथे राहिला. आकाशवाणीची सकाळची ती शिवरंजनीच्या अंगाने जाणारी संकेतधून त्याची मानतात. ट्रान्झिस्टर लावून दिवस सुरू करणाऱ्या प्रत्येक मराठी घराने ती हजारदा ऐकली आहे.

युद्धानंतर सूड उलटा फिरला. सुमारे तीस लाख जर्मनभाषकांना देशाबाहेर काढण्यात आलं आणि डोंगरकडची गावं ओस पडली. फेब्रुवारी १९४८ मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली. बाटाचे कारखाने त्याआधीच सरकारजमा झाले होते आणि तोमाशचा मुलगा कॅनडातून उरलेला व्यवसाय चालवत होता. १९६८ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचाच नेता दुब्चेक याने राजवटीला माणुसकीचा चेहरा द्यायचा प्रयत्न केला, तर २१ ऑगस्टच्या पहाटे सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये आले. पुढच्या जानेवारीत यान पालाख या विद्यार्थ्याने भर चौकात स्वतःला पेटवून घेतलं. वीस वर्षांनी, नोव्हेंबर १९८९ मध्ये, चौक पुन्हा भरले. या वेळी लोकांनी किल्ल्यांचे जुडगे खुळखुळवून सत्तेला निरोप दिला आणि तुरुंगातून काही महिन्यांपूर्वीच सुटलेले नाटककार व्हात्स्लाव हावेल राष्ट्राध्यक्ष झाले.

१ जानेवारी १९९३ रोजी चेक आणि स्लोव्हाक रक्त न सांडता वेगळे झाले. चेकिया १९९९ मध्ये नाटोत, २००४ मध्ये युरोपीय संघात गेला. चलन मात्र अजून स्वतःचं, कोरुना.

आपल्या कुळातली भाषा

चेकियात आज चेकखेरीज स्लोव्हाक, पोलिश आणि जर्मन बोलणारे आहेत. कम्युनिस्ट काळात कामाला आणि शिक्षणाला आलेल्या व्हिएतनामी लोकांची कोपऱ्यावरची दुकानं शहरोशहरी आहेत. २०१३ मध्ये त्यांना अल्पसंख्याक समाज म्हणून मान्यता मिळाली. २०२२ नंतर तीन लाखांहून अधिक युक्रेनी निर्वासित आले.

मराठी वाचकाला थांबवणारी भाषा मात्र रोमानी. रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले. त्यांची बोली हिंदी-मराठीच्याच भारतीय-आर्य कुळातली आहे. पाण्याला पानी, कानाला कान. प्रागच्या मिलेना ह्युबश्मानोव्हा विद्यापीठात हिंदी, उर्दू, बंगाली शिकल्या आणि त्यामुळेच त्यांना रोमा मजुरांचं बोलणं कळू लागलं. पुढे त्यांनी आयुष्य त्या भाषेला दिलं आणि १९९१ मध्ये चार्ल्स विद्यापीठात रोमानीचा अभ्यासक्रम उभा केला.

या भाषेची गोष्ट सुखाची नाही. महायुद्धात चेक प्रांतांतले बहुतेक रोमा मारले गेले. रोमांना कोंडलेल्या लेती गावच्या छावणीत चेक पहारेकरीच होते. त्या जागेवर १९७० च्या दशकात डुकरांचा कारखाना उभा राहिला आणि तो पाडायला २०२२ साल उजाडलं. स्वतःच्या भाषेसाठी तीनशे वर्षं झगडलेला समाज दुसऱ्याच्या भाषेबद्दल आपोआप हळवा होत नाही, हे चेक इतिहासातलं कडू पान आहे. आपल्याकडच्या पारधी, वैदू, कैकाडी वस्त्यांजवळून जाताना हे पान आपणही वाचावं.

शेंद्र्यात गाडी कशी जुळते

आता परत शेंद्र्याला. डिसेंबर १९९० मध्ये चेक सरकारने स्कोडासाठी जर्मनीच्या फोक्सवागनला भागीदार निवडलं आणि दशकाच्या अखेरीस सगळी मालकी तिच्याकडे गेली. जर्मन उत्तराने चिडून निघालेली कंपनी जर्मन समूहात विसावली. पुंडलिकनगरच्या टपरीवर ‘जर्मनीची’ हे उत्तर येतं ते त्यामुळे.

शेंद्र्याच्या कारखान्याचं मुख्य काम जुळणीचं. परदेशातून किट येतात. न्हावा-शेवा बंदरात कंटेनर उतरतात, इथे खोके उघडतात. स्कोडाबरोबर आउडीच्या गाड्याही इथेच जुळतात. लाइनवर एका ठिकाणी वरून बॉडी खाली येते आणि खालून इंजिन-गिअरबॉक्सचा सांगाडा वर चढतो. वाहन उद्योगात या जोडणीला ‘मॅरेज’ म्हणतात. बोल्ट किती ताकदीने आवळायचा हे यंत्रात भरलेलं असतं, चुकलं तर लाइन थांबते. शिफ्टहून आलेला ऑपरेटर कामाबद्दल सांगतो ते स्टेशन, सायकल टाइम आणि ओटीच्या भाषेत.

किट आयात करायचं कारण कर. तयार गाडीवर आयात शुल्क सर्वांत जास्त, किटवर कमी, सुट्या भागांवर त्याहून कमी. म्हणून इथे काय येतं, किट की सुटे भाग, हा कोट्यवधींचा प्रश्न ठरतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सीमाशुल्क विभागाने कंपनीला सुमारे १.४ अब्ज डॉलरच्या मागणीची नोटीस दिली. किटवर ३० ते ३५ टक्के शुल्क लागायला हवं होतं आणि कंपनीने सुटे भाग दाखवून ५ ते १५ टक्केच भरलं, असा विभागाचा दावा. कंपनीने तो अमान्य करून मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं.

आणि आता नोव्ही यिचीन. या गावात एकोणिसाव्या शतकापासून दिवे बनतात. आधी घोडागाड्यांचे, मग मोटारींचे. कम्युनिस्ट काळात कारखाना सरकारी होता, नंतर तो अमेरिकी व्हिस्टिऑनकडे गेला. २०१२ मध्ये व्हिस्टिऑनचा दिव्यांचा धंदा विकत घेतला तो वाळूज एमआयडीसीत नोंदणीकृत कार्यालय असलेल्या व्हेरॉकने. दहा वर्षं मोराव्हियातल्या अभियंत्यांची मालक कंपनी आमच्या शहरातली होती. २०२२ मध्ये व्हेरॉकने युरोप-अमेरिकेतला तो व्यवसाय फ्रान्सच्या प्लास्टिक ओम्निअमला विकला.

म्हणजे एका चेक कारखान्याने गेल्या साठ-सत्तर वर्षांत सरकारी, अमेरिकी, मराठवाड्यातले आणि फ्रेंच असे मालक पाहिले. पाट्या बदलल्या, पण गाव दिवेच करत राहिलं, कारण दिव्याचा आराखडा करणारी माणसं तिथे होती. म्लादा बोलेस्लावची मालकी फोक्सवागनच्या गावी, वोल्फ्सबुर्गला गेली, तरी नवी गाडी आखणारा मोठा विभाग बोलेस्लावातच आहे. झ्लीनमधून बाटा गेला, पण गावात २००१ मध्ये निघालेल्या विद्यापीठाला तोमाश बाटाचं नाव मिळालं. चेक लोकांकडून घ्यायचं ते हे. मुलूख, राजा, मालक यांवर त्यांचं फारसं चाललं नाही. शाळेतली भाषा आणि कारखान्यातलं डोकं या दोन गोष्टी मात्र त्यांनी आपल्या गावाबाहेर जाऊ दिल्या नाहीत.

आमच्याकडे तशी बीजं नाहीत असं नाही. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये पोरं डाय आणि साचे करायला शिकतात, आणि वाळूजच्या सुट्या भागांच्या कारखान्यांनी युरोपात कारखाने घेण्याची हिंमत दाखवली आहे. पण पुंडलिकनगरातल्या बहुतेक पोरांच्या वाट्याला अजून जुळणीच्या लाइनवरचं स्टेशनच येतं, तेही कंत्राटावर. किटचे खोके कुठल्याही शहरात उघडता येतात, आणि कराचं गणित बदललं तर ते दुसरीकडे वळतातही. मुलगा कामाला लागला की आमच्याकडे शेजारी विचारतात, ‘कोणत्या कंपनीत?’ त्यापुढे आणखी एक प्रश्न विचारायची सवय लागायला हवी : तिथे तो नुसतं जोडतो, की आखायलाही शिकतो?